पांढरं आधी, हिरवं शेवटी

"हिरवं कुठं संपतं आणि पांढरं कुठं सुरू होतं, ते मला बोटानं दाखवा."

"बाई, मला रंग दिसले असते तर मी इथं कशाला आलो असतो?"

"रंग विचारलाय कोणी? बोटानं दाखवा म्हटलं. मुळांपासून वर चला."

काकांनी मोठा सुस्कारा टाकला आणि कांद्याच्या पातीची जुडी चाचपून त्यातली एक काडी वेगळी काढली. अंगठा आणि पहिलं बोट मुळांवरून वर सरकायला लागलं. आधी केसाळ मुळं, मग छोटीशी घट्ट गाठ, मग गुळगुळीत दांडा. दांड्याला जिथे दोन फाटे फुटतात तिथे बोट अडलं.

"इथं?"

"इथंच. फाटा फुटला की हिरवं सुरू. सुरी त्याच्या जरा खाली. आता सांगा, डोळ्यांवाचून काय अडलं?"

"अजून सुरी हातात घेतलेली नाही," काका म्हणाले. "बोट तुटलं की सांगतो."

मी ज्या केंद्रात नोकरी करते तिथे मोठेपणी दृष्टी गेलेल्या माणसांना पुन्हा घर चालवायला शिकवतात. काठी घेऊन चालायला शिकवणारे वेगळे, कपडे-कपाट बघणारे वेगळे, स्वयंपाकघर माझ्याकडे. एकोणीस वर्षं झाली. लोक म्हणतात, किती पुण्याचं काम करता हो. पुण्य कसलं डोंबलाचं! दिवसभर "सुरी ठेवली तिथंच ठेवा" असं ओरडून घसा बसतो. आणि माझा स्वभावही काही गोड नाही, हे इथे सगळ्यांना पहिल्या दिवशीच कळतं.

सुरुवात मी सगळ्यांची पातीपासूनच करून घेते. साधा कांदा गडगडतो, हातातून निसटतो, वर रडवतो. पात गरीब. ठेवाल तिथे पडून राहते, आणि तिच्यात काय कुठे आहे ते सगळं बोटांना सांगते. शिळी झालेली हिरवी पात बुळबुळीत लागते, ताजी दाबली की कुरकुरते. पानांच्या सांध्यात माती अडकते, ती धुताना नखाला लागते. वरचा पापुद्रा सैल असतो, तो ओढला की सुटतो. ज्याला एक जुडी नीट निवडता, धुता, चिरता आली, त्याला पुढचं सगळं येतं असा माझा अनुभव आहे.

काकांनी एकतीस वर्षं बस चालवली होती. काचबिंदूनं आधी एक डोळा गेला, मग दुसरा. त्याच्या पुढच्या वर्षी बायको गेली. मग मुलीनं त्यांना आपल्या शहरात, आपल्या घरी आणलं, आणि त्यांचं दोन खोल्यांचं घर, पाच तासांवरच्या त्यांच्या गावात, कुलूप लावून बंद झालं. मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. नवरा परगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा येणारा. ती रोज सकाळी काकांना स्कूटरवरून केंद्रात सोडायची आणि फाटकापासून माझ्या दारापर्यंत हाताला धरून ओढत आणायची.

"ओढू नका त्यांना," मी पहिल्या दिवशीच तिला झापलं होतं. "ते तुमचा कोपर धरतील. बुटाची नाडीही तुम्ही बांधायची नाही. सहा आठवड्यांनी हे गृहस्थ एकटे राहू शकले पाहिजेत, त्यासाठी आलेत ना?"

"हो," ती म्हणाली आणि वाकून त्यांच्या नाडीची गाठ घट्ट केलीच. मला ती तेव्हापासून आवडली नाही.

बापलेकीत ठरलेलं असं होतं. काकांना आपल्या घरी परत जायचं होतं. मुलगी म्हणायची, गॅस पेटवून घ्याल, पडाल, कोण बघणार? वर्षभर ही तणतण चालली. शेवटी ती म्हणाली, केंद्राचा दाखला आणा, मग खुशाल जा. दाखल्यावर सही माझी. त्यामुळे काका माझी बोलणी गुपचूप ऐकून घ्यायचे आणि मी मनातून त्यांच्या बाजूची झाले होते. सहा आठवडे मी त्या माणसावर जेवढी मेहनत घेतली तेवढी कुणावर घेतली नसेल.

"लेकीचं घर चांगलंय हो," ते पात चिरता चिरता सांगायचे. "जावई सोन्यासारखा. पण मला तिथं काहीच सापडत नाही. पाणी मागायच्या आत पेला हातात. पाहुणा म्हणून किती दिवस बसायचं माणसानं? माझ्या घरात माझा हात आपोआप कडीवर जातो. अंधारातसुद्धा."

"आता सगळाच अंधार आहे."

"तेच तर! तिथं मला अंधाराची सवय आहे."

कान मात्र त्यांचे तयार होते. तेल तापलं की नाही हे मी बाकीच्यांना चमचा टेकवून ओळखायला शिकवते. काकांना गरजच पडली नाही. पांढरे तुकडे टाकले की ते मान तिरकी करून उभे राहायचे. चुरचुर चालली की आच बरोबर. ती तडतडीवर गेली की हात सरळ गॅसच्या बटणावर. आम्ही बटणाला गोंदाचा उंच ठिपका लावलेला असतो, तो कुठे आहे त्यावरून आच किती ते कळतं.

"गिअर बदलायची वेळ झाली की इंजिन सांगतं," ते म्हणायचे. "हे तसंच. फक्त प्रवासी शिव्या देत नाहीत."

"मी आहे की त्यासाठी."

तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना बटाटा आणि पात एकत्र करायला शिकवत होते. पांढरं परतून झालं, उकडलेला बटाटा पडला, मीठ पडलं. काकांनी हिरव्याची वाटी उचलली आणि कढईत ओतायला निघाले.

"थांबा, थांबा! एवढ्यात नाही. हिरवं अगदी शेवटी. गॅस बंद करायच्या बेतात."

"का? तेही कांदाच ना?"

"ते नाजूक असतं. आधी घातलं तर काळवंडतं, लोळागोळा होतं, वास जातो. जेवणारा पाटावर बसला, मग हिरवं घालायचं, एकदा हलवायचं आणि लगेच वाढायचं. दहा मिनिटं झाकून ठेवलंत तरी गेलं कामातून."

काकांची वाटी हातातच राहिली. मला वाटलं, चटका बसला.

"काय झालं?"

"दहा मिनिटं?"

"फार तर."

"नाही, बाई," ते हळूच म्हणाले. "आमच्याकडे ती कायम ताजी असायची. हिरवीगार. दाताखाली करकर वाजायची."

"मग बरोबर करत होत्या की काकू."

"तसं नाही हो. माझी ड्युटी कधी दोनला सुटायची, कधी चारला, कधी साडेपाचला. गाडी बिघडली की कशाचा कशाला मेळ नाही. तेव्हा घरी फोन नव्हता. आणि मी जाऊन बसलो की पाच मिनिटांत ताट समोर. पात ताजी." त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरली. "एकतीस वर्षं मला वाटायचं, आपलं नशीबच चांगलं, वेळेवर पोचतो."

माझ्यासारख्या बाईलाही कधीकधी गप्प बसायची अक्कल येते. कढईखालची आच मीच बारीक केली, हे नियमात बसत नाही.

"म्हणजे ती चिरून ठेवून बसायची," काका म्हणाले. "सगळं तयार करून. फाटकाचा आवाज आला की उठायची. आणि मी काय करायचो? आठवड्यातून तीनदा डेपोच्या कॅन्टीनमध्ये दोस्तांबरोबर खाऊन यायचो. वर ऐटीत सांगायचो, भूक नाही, झाकून ठेव."

त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली. बरोबर जिथून उचलली होती तिथेच ठेवली.

"एका शब्दानं बोलली नाही कधी. नुसतं म्हणाली असती, अहो वाट बघत होते, तर..." पुढचं वाक्य त्यांना सुधरेना. "आणि मीही कधी विचारलं नाही, तू जेवलीस का म्हणून. गाढव माणूस."

त्या दिवसापासून काकांना घरी जायची जी ओढ लागली ती बघवत नव्हती. आधी हट्ट होता, आता तहान लागली होती. पाचवा आठवडा संपत आला तेव्हा मुलगी म्हणाली, रविवारी नेऊन आणते, घर बघा, संध्याकाळी परत येऊ. ते नाही म्हणाले.

"उभ्या उभ्या जाऊन काय कळणार?" मला सांगत होते. "मला तिथं राहायचंय. तिच्या ओट्यापाशी दुपारचं उभं राहायचंय, काही न करता. तिला तिथून काय काय ऐकू येत होतं, तेवढं मला ऐकायचंय. फाटक वाजतं ते कळतं का, कोपऱ्यावरून चाललेला माणूस ओळखू येतो का. मला आता दिसत नाही, म्हणजे मी तिच्यासारखाच झालो की. नुसत्या आवाजावर." ते हसले. "वेड लागलंय म्हणा."

"वेडबिड काही नाही," मी म्हणाले. "शुक्रवारी परीक्षा आहे. पास व्हा आणि जा."

परीक्षा साधी असते. एक तास. घरातलं एक माणूस समोर खुर्चीवर बसतं. काकांनी एक पदार्थ करायचा, त्याला वाढायचा, भांडी धुऊन ठेवायची. बसलेल्या माणसानं बोलायचं नाही, उठायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. घरच्या माणसालाही कळावं की यांना जमतं, यासाठी हा नियम मीच भांडून आणलेला आहे.

शुक्रवारी दुपारी मुलगी लॅबमधून सुट्टी काढून आली. काका हात धुत होते तेव्हा तिनं मला दाराशी गाठलं.

"बाई, होतील का हो पास?"

"शंभर टक्के. काळजीच करू नका."

"नक्की?"

"माझी एकोणीस वर्षांची नोकरी पणाला लावते. पुढच्या आठवड्यात आपल्या घरी असतील."

"हं," ती म्हणाली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं, हिला अजून विश्वास नाही. म्हटलं, बस आता आणि बघ तुझ्या बापाची करामत.

आणि खरंच करामत होती. जुडी सोडली, एक-एक काडी चाचपली, दोन पिवळी पानं बोटांनी ओळखून बाजूला काढली. मुळं उडवली. फाट्याखाली सुरी, बोटं आत वळवलेली, पेरांच्या आधारानं बारीक, एकसारखे तुकडे. पांढरं एका वाटीत, हिरवं दुसऱ्या. अंडी फोडली, टरफलाचा कण नाही. मी तक्त्यावर खुणा करत होते आणि मनातल्या मनात माझीच पाठ थोपटत होते. वीस मिनिटंही झाली नव्हती. गॅस पेटला, ठिपका बारीकवर आला, तेल तापलं, पांढरं पडलं. चुरचुर सुरू झाली. वास सुटला, आधी झणका आणि मग जरा गोडसर.

तेव्हा मुलगी उठली.

तिनं चपला आधीच काढून ठेवल्या होत्या, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. अनवाणी दोन पावलं पुढे गेली, हात लांब केला आणि गॅसचं बटण मोठ्यावर फिरवलं. मी बघत होते. इतकं अचानक झालं की तक्ता माझ्या हातातच राहिला. तिचा चेहरा रागाचा नव्हता, रडवेला होता. बटण फिरवलं आणि हात तिथेच राहिला, जणू आता तिलाच कळत नव्हतं काय करावं.

चुरचुरीची तडतड झाली. काकांनी मान तिरकी केली. त्यांचा हात नेहमीसारखा सरळ बटणाकडे गेला.

बटणावर तिची बोटं होती.

मी अर्धी उठले होते. "अहो—"

काकांनी दुसरा हात वर केला, मला थांबवायला. पहिला तिच्या बोटांवरच होता. त्यांनी तो काढला नाही, बटणही फिरवलं नाही. मुलगी हुंदका गिळत उभी होती. कढईत पांढरं तांबूस झालं, मग तपकिरी, मग कडांनी काळं पडायला लागलं. सहा आठवडे ज्यांना मी कण करपू दिला नव्हता ते काका धूर नाकात जाईपर्यंत तसेच उभे राहिले. मग तिच्या बोटांसकट त्यांनी बटण बंद केलं.

"बाई," ते म्हणाले, "करपलं. नापास लिहा."

"काहीतरीच काय!" माझा आवाज चढला. "मी बघितलंय सगळं. नियमाप्रमाणे ही परीक्षा रद्द होते. आत्ता, या क्षणी दुसरी घेते. पात आहे, अंडी आहेत, वेळ आहे."

"काय बघितलंत? मला तर काही दिसलं नाही."

"काका, मस्करी नको!"

"मस्करी नाही करत." त्यांनी मुलीला हळूच खुर्चीकडे वळवलं. "जा बाळा, तोंड धुऊन ये. नळ दारातून डावीकडे आहे, सात पावलांवर."

ती गेली. मी कढई उचलून मोरीत आदळली. मला फार संताप आला होता, तिचा आणि त्यांचाही.

"तुम्हाला जायचं नाही का घरी?"

"जायचंय हो." असं काही म्हणाले की माझा राग जागच्या जागी बसला. "आत्ता उठून चालत जावंसं वाटतंय. रोज पहाटे जाग येते ती तिथंच येते मला, त्या खोलीत. मग हात लांब केला की लेकीच्या घरची भिंत लागते."

"मग?"

काका ओट्याला टेकून उभे राहिले. हात ओल्या फडक्यावर, उगाच घडी घालत.

"संध्याकाळी लॅबमधून आली की ती बेल वाजवते. किल्ली असते तिच्याजवळ, पर्समध्ये खुळखुळताना मला ऐकू येते. तरी बेल वाजवते. मी भिंतीला धरून, तीनदा ठेचकाळून दारापर्यंत जातो. मला वाटायचं, म्हातारा जिवंत आहे का बघते, हजेरी घेते. चिडायचो. म्हणायचो, किल्ली काय शोभेला आहे? तर म्हणायची, सापडली नाही बाबा." त्यांनी फडक्याची घडी मोडून पुन्हा घातली. "रिकाम्या घराचं दार तिला स्वतःच्या हातानं उघडायचं नसतं, बाई. आता बटणावर तिचा हात लागला तेव्हा कळलं. बर्फासारखा गार होता. लहानपणी परीक्षेला जाताना व्हायचा तसा."

"म्हणून तुम्ही तुमचं घर सोडणार?"

"घर तिथंच आहे. त्याला काय झालंय." त्यांनी फडकं खिळ्याला अडकवलं, पहिल्याच प्रयत्नात. "एकजण माझ्यासाठी बसून राहिली आणि मला पत्ता नाही. आता दुसरीचा पत्ता लागलाय, तर उठून कसा जाऊ?"

नापासचा फॉर्म कपाटात खाली असतो, तो काढला. गेल्या कित्येक वर्षांत माझ्या हातून तो कमीच भरला गेलाय. कारणाच्या रकान्यात खरं लिहायची सोय नव्हती. मी लिहिलं, "आचेचा अंदाज चुकला." एवढा अचूक अंदाज असलेला माणूस मला एकोणीस वर्षांत मिळाला नव्हता.

"सहा महिन्यांनी पुन्हा बसता येतं," मी म्हणाले.

"बघू."

मुलगी तोंड धुऊन आली होती. डोळे सुजले होते. दाराशीच उभी राहिली, आत यायचं तिच्यानं होईना.

"बाई, चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुम्ही खरं ते लिहा. बाबांना जाऊ दे."

"ये इकडे," काका म्हणाले. "बाईंचा नाइलाज आहे. करपलं ते करपलं."

"बाबा, मी—"

"भूक लागलीय मला. घरी जाऊन काहीतरी करू. तू नुसती बस आणि गप्पा मार, हात लावायचा नाही. चल, सही कुठं करायची?"

मी म्हटलं, अंगठा चालतो. ते अंगठ्याला नाही म्हणाले. आमच्याकडे पुठ्ठ्याची एक पट्टी असते, तिला सहीएवढी लांबट खाच कापलेली असते. ती मी फॉर्मवर बरोबर जागी ठेवली आणि पेनाचं टोक खाचेत टेकवून दिलं. काकांनी डाव्या हाताच्या बोटानं खाचेची सुरुवात चाचपली, शेवट चाचपला. मग संपूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकही अक्षर न गाळता. मुलगी जवळ येऊन बघत होती. तिनं त्यांचा हात धरला नाही. कोपर पुढे करून उभी राहिली.

"सरळ आली का, बाई?"

"हो."

"खरं सांगा."

"अगदी सरळ आली, काका," मी म्हणाले आणि शाई वाळेपर्यंत पट्टी तशीच धरून ठेवली.